युर्टमागचा कळप

किर्गिझस्तानातल्या सोंग-कोल तलावाच्या काठी वर्षातले आठ-नऊ महिने कुणी राहत नाही. ३,०१६ मीटर उंचीवरचं हे पाणी हिवाळ्यात गोठून जातं, भोवतालच्या खिंडी बर्फानं बुजतात. जून उजाडला, कुरण हिरवं झालं, की कोचकोर आणि नारीनकडच्या गावांतून कळप वर चढू लागतात. मेंढ्या, घोडे, गाई पायी येतात. मालमोटारीत असतात लाकडी जाळ्या, नमद्याच्या गुंडाळ्या, लोखंडी शेगडी, गोधड्या, भांडीकुंडी, मुलं आणि आजी. माणसं हाताशी असली तर दोन-तीन तासांत कुरणावर घर उभं राहतं. सप्टेंबरात ते मोडून पुन्हा खाली जातं.

या तीन-साडेतीन महिन्यांत त्या घराशेजारी आता पाहुण्यांचाही एखादा युर्ट असतो. पाहुणा पैसे देतो, रात्री राहतो, घरातलं जेवतो, सकाळी त्याच घरातल्या मुलाबरोबर घोड्यावर बसून खिंड ओलांडतो. किर्गिझस्तानात हा व्यवसाय उभा राहून पंचवीस वर्षं झाली. मंगोलियात आणि कझाकस्तानात त्याची वेगवेगळी रूपं आहेत, अमेरिकेच्या डोंगरांतही युर्ट पोचले आहेत. आपल्याकडचे ट्रेकरही आता हिमालयाच्या पलीकडे पाहू लागले आहेत. म्हणून या मुक्कामाकडे नीट पाहायला हवं: पाहुण्याला यातून नेमकं काय मिळतं, घरातल्यांना काय मिळतं, आणि कुरणाचं काय होतं. एक कसोटी मी आधीच सांगून टाकतो. युर्ट दिसला की त्याच्यामागे कळप आहे का ते पाहावं. कळप असेल तर ते घर आहे, त्याला तिथं असण्याचं कारण आहे. कळप नसेल तर ती कापडी खोली आहे, आणि तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आधी घर पाहू. किर्गीझ माणूस त्याला ‘बोझ उय’ म्हणतो, म्हणजे करडं घर. भिंत म्हणजे ‘केरेगे’, विलोच्या काठ्यांची आडवीतिडवी जाळी. ती घडी होते, ताणली की पसरते. जाळीच्या वरच्या टोकांना ‘उऊक’ नावाच्या दांड्या बांधतात. त्या खालच्या बाजूला वाकवलेल्या असतात आणि वर एका गोल लाकडी कड्यात जाऊन बसतात. हे कडं म्हणजे ‘तुंदुक’. घर उभारताना एक जण मध्ये उभा राहून लांब काठीनं तुंदुक वर तोलून धरतो आणि बाकीचे भोवतीनं दांड्या खोवत जातात. पुरेशा दांड्या बसल्या की कडं स्वतःच्या भारानंच घट्ट होतं. मध्ये खांब लागत नाही. मंगोलियाच्या ‘गेर’मध्ये दांड्या सरळ असतात आणि कडं दोन खांबांवर टेकतं, म्हणून गेरचं छप्पर बसकं दिसतं आणि बोझ उय घुमटासारखं. त्या खांबाच्या फरकावरून कुठल्या मुलखात आलो ते आत पाऊल टाकताच कळतं.

सांगाड्यावर ‘चिय’ची, म्हणजे गवताच्या ताठ काड्यांची चटई आणि त्यावर नमदा. नमदा विणत नाहीत. लोकर काठ्यांनी झोडून मोकळी करायची, चटईवर थर पसरायचा, कढत पाणी ओतायचं, गुंडाळी करायची आणि ती बांधून तासन्‌तास लोळवायची, तुडवायची, हातांनी दाबायची. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून जाड, वाराबंद कापड तयार होतं. आपल्याकडचे धनगर ज्याला जेन म्हणतात ते याच कुळातलं. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांनी जेनेवर अंग टाकलं आहे त्यांना बोझ उयमध्ये शिरल्यावर येणारा ओलसर लोकरीचा वास अनोळखी वाटणार नाही.

आत जमिनीवर ‘शिरदाक’ अंथरलेला असतो. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी कापतात, मग एकातली नक्षी दुसऱ्याच्या पोकळीत बसवून शिवतात. त्यामुळे एका कापणीतून दोन जाजमं निघतात, एकमेकांची उलटी प्रत असलेली, आणि लोकरीचा तुकडाही वाया जात नाही. शिरदाक आणि ‘अला कियिझ’ या नमद्याच्या दोन कला युनेस्कोनं २०१२ साली तातडीनं जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतल्या. मंगोलियाच्या गेरची कारागिरी २०१३ साली आणि किर्गीझ-कझाक युर्टची २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात आली. इस्सिक-कोलच्या दक्षिण काठावरचं किझिल-तू हे गाव आजही युर्ट बनवणाऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तुंदुक तर देशाच्या झेंड्यावर आहे. १९९२ च्या मार्चमध्ये स्वीकारलेल्या लाल झेंड्यावर चाळीस किरणांचा सूर्य आणि त्याच्या पोटात तुंदुक. डिसेंबर २०२३ मध्ये कायदा करून किरणं वळणदारची सरळ केली, तुंदुक मात्र राहिला.

हे सगळं पाहुण्याला ठाऊक हवं का? मला वाटतं, हवं. दारासमोरची आतली जागा म्हणजे ‘तोर’, तिथं वडीलधारे आणि पाहुणे बसतात. आत शिरताना उजवी बाजू बायकांची, तिथं भांडी, पीठ, दूध. डावी पुरुषांची, तिथं खोगीर, लगाम, चाबूक. या मांडणीमुळे रात्रीच्या अंधारातही प्रत्येकाला आपली वस्तू सापडते. पाहुण्यानं बूट दारात काढावेत आणि कुणी बसायला सांगेपर्यंत थांबावं. एवढं केलं तरी यजमानाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, कारण त्या घराला क्रम आहे हे आपण ओळखल्याचं त्याला कळतं.

आता हा पाहुणचार विकायची वेळ का आली, ते. देशाची सरासरी उंची सुमारे २,७५० मीटर. शेतीयोग्य जमीन थोडी, कुरण भरपूर. म्हणून हजारभर वर्षांपासून इथलं जगणं उभ्या दिशेनं हलत आलं. हिवाळ्याचं कुरण ‘किश्तो’, वसंताचं ‘जाझ्दो’, उन्हाळ्याचं ‘जायलो’, शरदाचं ‘क्युझ्दो’ अशी चार नावं आहेत, आणि ऋतूगणिक कळप खालून वर, वरून खाली जातो. आपल्या फलटणकडचा धनगरांचा वाडा दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो, शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतो, पावसाच्या आत वाडा माघारी येतो. तिथं पाल असते, इथं बोझ उय. जनावरांच्या पोटासाठी माणसानं घर उचलायचं, हा नियम दोन्हीकडे एकच.

सोव्हिएत सत्तेनं १९२० आणि १९३० च्या दशकांत भटक्यांना गावात बसवलं. शेजारच्या कझाकस्तानात या सक्तीतून आणि जनावरं हिरावण्यातून १९३० ते १९३३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली. कझाकांच्या रोजच्या जगण्यातला युर्ट बहुतांशी तिथं संपला. उरला तो सणासमारंभापुरता. किर्गीझांकडे जायलो टिकला, पण कळपाची मालकी सामुदायिक शेतीसंस्थेकडे गेली आणि मेंढपाळ पगारी झाला. उन्हाळ्यात तो वरच जायचा, मालमोटार, डॉक्टर, वर्तमानपत्र त्याच्यामागून वर यायचं. १९९१ मध्ये संघराज्य कोसळलं आणि हा आधार एका फटक्यात गेला. १९९० च्या आसपास देशात मेंढ्या-शेळ्यांची संख्या एक कोटीच्या घरात होती. सहा-सात वर्षांत ती चाळीस लाखांच्या आसपास आली. पगार नव्हता, चारा नव्हता, पिठासाठी लोकांनी मेंढ्या दिल्या. दूरच्या कुरणांकडे जाणारे पूल आणि रस्ते मोडले, दुरुस्तीला पैसा नव्हता. त्यामुळे एक विचित्र अवस्था आली: गावाजवळची कुरणं चरून चरून उघडी पडली आणि वरचे जायलो ओस राहू लागले.

याच काळात कोचकोरमध्ये २००० साली हेल्वेटास या स्विस संस्थेच्या मदतीनं ग्रामस्थांचा पर्यटनगट सुरू झाला. पद्धत साधी होती. गावात एक छोटं कार्यालय, तिथं इंग्रजी बोलणारा समन्वयक, भिंतीवर कुटुंबांची आणि दरांची यादी. पाहुणा आला की पाळीनं एकेका कुटुंबाकडे पाठवायचा. घोडा, वाटाड्या, गाडी, जेवण यांचे दर ठरलेले. बहुतेक पैसे थेट घरात जायचे, थोडा भाग कार्यालयाला. गावागावांत असे गट झाले आणि २००३ साली त्यांचा देशव्यापी संघ उभा राहिला. कोचकोरच्याच बायकांनी ‘अल्तिन कोल’ ही सहकारी संस्था चालवून शिरदाकांना गिऱ्हाईक मिळवून दिलं.

या पाळीच्या पद्धतीचं मोल मला फार वाटतं. जी बाई उत्तम इंग्रजी बोलते तिच्याच घरी सगळे पाहुणे जाणार, हे ती पद्धत टाळते. मेंढ्या राखणाऱ्या, कमी बोलणाऱ्या घरालाही तिच्यामुळे उन्हाळ्यात चार पैसे मिळतात. फोन आणि ऑनलाइन आरक्षण आल्यावर ती सैल झाली हे खरं. ज्याच्याकडे चांगले फोटो आणि चांगलं नेटवर्क त्याच्याकडे पाहुणा थेट पोचतो. त्यात चूक कुणाचीच नाही, पण पाहुण्यानं गावच्या गटाच्या कार्यालयातून जायचं ठरवलं तर त्याचे तेच पैसे अधिक घरांत वाटले जातात.

जायलोवरचा दिवस पहाटे सुरू होतो, आणि तो बाईचा दिवस असतो. ही गोष्ट पर्यटनावरच्या लेखनात फारच कमी येते. घोडीचं दूध काढायचं ते दिवसातून पाच-सहा वेळा, कारण घोडीच्या सडात दूध साठून राहत नाही. शिंगरू आधी तोंड लावतं, पान्हा सुटतो, मग शिंगरू बाजूला करून बाई एका गुडघ्यावर बसून झटपट काढते. ते दूध घुसळून घुसळून आंबवलं की ‘किमिझ’ होतं: आंबट, किंचित मद्यार्काचं, धुरी दिलेल्या चामडी पिशवीतलं असेल तर धुराच्या वासाचं. गाईच्या दुधाची साय ‘कायमाक’, दह्याचे खारट वाळवलेले गोळे ‘कुरुत’. तळलेले ‘बोरसोक’ दिसायला खाऱ्या शंकरपाळ्यांचे थोरले भाऊ, आतून मऊ. शेगडीत वाळलेलं शेण जळतं. गोवऱ्या थापणाऱ्या आणि पेटवणाऱ्या आपल्या गावांना त्यात नवल नाही, झाडच नसलेल्या उंचीवर दुसरं जळण आणायचं कुठून! या सगळ्यात भर म्हणून पाहुण्यांच्या गाद्या, पाहुण्यांची तीन वेळची जेवणं, पाहुण्यांची भांडी. गरम पाण्याची प्रत्येक बादली ओढ्यावरून आणून तापवलेली असते. युर्टच्या मुक्कामाला आपण जे पैसे देतो त्यातला सर्वांत मोठा वाटा या बाईच्या श्रमाचा आहे. दर ठरवताना घासाघीस करू नये, हे मी म्हणूनच आग्रहानं सांगेन.

शाकाहाराचा प्रश्न मराठी प्रवाशाला पडतोच. पाव, कायमाक, जॅम, अंडी, काकडी-टोमॅटो, बटाटा आणि चहा यांवर दोन-तीन दिवस निभतं. पण सूपाचं पाणी बहुधा मांसाचंच असतं, आणि ‘मांस काढून देते’ हे तिथल्या यजमानणीचं प्रामाणिक उत्तर असतं. आपण कोण, काय खात नाही, हे गावातल्या कार्यालयातच सांगावं, म्हणजे वर जाण्याआधी भाजी बांधून घेता येते. हिमालयातल्या सहलींत आपला स्वयंपाकी बरोबर नेण्याची पद्धत आहे. तिथं ती नेऊ नये असं मला वाटतं. दुसऱ्याच्या चुलीवर ताबा घेतला तर पाहुणा म्हणून जाण्यात काय उरलं? किमिझ मात्र पहिल्या दिवशी दोन घोटच घ्यावं. नकार दिला तरी चालतो, पण वाटी हातात घेऊन ओठाला लावावी.

आता साहसाकडे. किझार्त गावातून घोड्यावर निघून दोन-तीन दिवसांत सोंग-कोलला पोचायचं, वाटेत एका जायलोवर मुक्काम, हा सर्वांत चालणारा बेत आहे. पूर्वेला काराकोलहून अला-कोल तलाव आणि त्यावरची सुमारे ३,९०० मीटरची खिंड, पलीकडे अल्तिन-अराशानची गरम पाण्याची कुंडं. दक्षिणेला सारी-मोगोलपासून तुलपार-कोल, जिथं युर्टच्या दारात बसून ७,१३४ मीटरचं लेनिन शिखर समोर दिसतं. पूर्वेचंच जिर्गलान हे कोळशाच्या खाणीचं गाव, खाणीची भरभराट ओसरल्यावर घरगुती पाहुणचार आणि डोंगरवाटांकडे वळलं. तिथं हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्यांसाठीही युर्ट लावतात. त्या युर्टमागे कळप नसतो, हे मान्य. पण तिथं विकली जाते ती बर्फ ओळखणाऱ्या स्थानिक माणसाची विद्या, आणि ते विकणं माझ्या लेखी तितकंच खरं.

इथं एक भेद स्पष्ट करायला हवा. वाट दाखवणारा आणि डोंगरात माणसाला सांभाळणारा, हे दोघे एकच असतील असं नाही. जायलोवरच्या घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घोड्यावर जन्मल्यासारखा बसतो. कुठली नदी दुपारनंतर फुगते, कुठल्या उतारावर घोडा पाय टाकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण कुणाला उंचीचा त्रास झाला, कुणी पडून हाड मोडलं, तर काय करायचं, हे त्याला शिकवलेलं असेलच असं नाही. सोप्या कुरणवाटेला तो पुरेसा आहे. हिमनदीच्या, दगड कोसळणाऱ्या उतारांच्या वाटेला प्रशिक्षित मार्गदर्शक लागतो, त्याच्याजवळ प्रथमोपचाराची पेटी आणि संपर्काचं साधन लागतं. जुलै २०२२ मध्ये त्यान-शानच्या जुऊकू भागात मार्गदर्शकाबरोबर फिरणाऱ्या एका परदेशी गटाजवळ हिमकडा कोसळला. एका पर्यटकानं अंगावर येणाऱ्या बर्फाच्या लोंढ्याचं चित्रण केलं, ते जगभर पाहिलं गेलं. सगळे वाचले. उन्हाळा आहे म्हणून डोंगर शांत आहे असं कुणी समजू नये, एवढं त्यातून घ्यावं. तिथं मदत पोचायला तास नव्हे, दिवसही लागू शकतात. उंचीवरच्या सुटकेचा खर्च देणारा विमा नसेल तर खिंड ओलांडण्याचा बेतच करू नये.

उंचीचं गणित मराठी ट्रेकरसाठी वेगळं सांगायला हवं. कळसूबाई १,६४६ मीटर. इस्सिक-कोलचं पाणीच १,६०७ मीटरवर आहे, म्हणजे तिथं काठावर पाय बुडवून बसलेला माणूस जवळजवळ आपल्या सर्वोच्च शिखराइतक्या उंचीवर असतो. सोंग-कोल त्याच्या दुपटीजवळ. बिश्केक ८०० मीटरवर, आणि तिथून गाडीनं एका दिवसात सोंग-कोल गाठता येतं. गाठावं मात्र नाही. सुमारे १,८०० मीटरवरच्या कोचकोरला एक रात्र काढली तर दुसऱ्या रात्रीची डोकेदुखी बरीच टळते. सह्याद्रीत पावसात भिजत फिरणाऱ्याला थंडीचा अंदाज येत नाही. जुलैतही तिथं रात्री पारा शून्याजवळ जातो आणि क्वचित बर्फ पडतं. शेगडी रात्री विझते, मग अंगावरच्या गोधड्यांवर भिस्त.

कुरणाची बाजू सर्वांत अवघड आहे. सोंग-कोल हा देशातला दुसरा मोठा तलाव, २०११ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा. पाणपक्षी तिथं वीण करतात. काठाजवळ युर्ट असला तर पाहुण्याला दृश्य छान मिळतं, म्हणून युर्ट पाण्याकडे सरकतात, त्याबरोबर खड्ड्याचे संडास सरकतात आणि गाड्या सरकतात. उंचावरच्या गवताला वाढायला जेमतेम शंभर दिवस मिळतात. एका गाडीनं ओल्या कुरणातून काढलेली चाकोरी पुढच्या गाडीला बोलावते. पावसात पहिली चाकोरी चिखलाची झाली की शेजारून दुसरी, मग तिसरी. प्लास्टिकच्या बाटल्या खाली नेल्याशिवाय त्यांना तिथं दुसरी वाट नाही, आणि मेंढपाळाच्या घोड्यावर कचऱ्याची पिशवी लादणं हे पाहुण्यानं आपणहून मागितल्याशिवाय होत नाही.

आपल्याकडच्या ट्रेकरांना हा प्रश्न ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईहून हजारोंनी ज्या आली-बेदिनी बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, तंबू टाकले, तिथं उत्तराखंड उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली. बंदी आवश्यक होती की नियमन पुरलं असतं, यावर मतं असू शकतात. माझं मत असं, की जिथं मुक्कामाचा मालक आणि कुरणाचा मालक वेगळे असतात तिथं कुरण हरतं. तंबू लावणारी कंपनी मैदानी शहरात असते. गवत गेलं तर ती पुढच्या वर्षी दुसरं कुरण शोधते. मेंढपाळाला तसं करता येत नाही. त्याच्या मेंढ्या त्याच गवतावर जगणार असतात.

किर्गिझस्तानानं २००९ च्या कुरण कायद्यानं हा धागा बराच जोडला. कुरणांची व्यवस्था गावपातळीवरच्या कुरण समित्यांकडे दिली. कोण किती जनावरं कुठं नेणार, चराईपट्टी किती, पूल-रस्त्यांवर खर्च काय, हे त्या ठरवतात. समित्या सगळीकडे सारख्या समर्थ नाहीत. बड्या कळपांचे मालक त्यांत वजन टाकतात, अशी तक्रार तिथं असते. तरी गवत आणि पाहुणे एकाच बैठकीत चर्चेला येण्याची ती जागा आहे. शिवाय मघाशी सांगितलेली गोष्ट लक्षात घ्या: गावाजवळची कुरणं ओरबाडली गेली होती आणि दूरचे जायलो रिकामे होते. दोन पाहुण्यांच्या युर्टचं उत्पन्न एखाद्या कुटुंबाला तीन महिने दूर, वर, उंचावर जाणं परवडण्याजोगं करतं, तेव्हा खालच्या कुरणालाही श्वास घ्यायला मिळतो. नीट चाललेला युर्टचा मुक्काम कुरणाच्या बाजूनं असू शकतो, या माझ्या विश्वासाचं हे मुख्य कारण.

मंगोलियात चित्र दोन टोकांचं आहे. पर्यटकांचे गेर-तळ मोठे असतात, तीस-चाळीस गेर ओळीनं, मध्ये पक्कं भोजनगृह, न्हाणीघर. उलानबातरजवळच्या गोर्खी-तेरेल्जमध्ये असे तळ बरेच. आणि त्याच उलानबातरच्या डोंगरउतारांवर शहराचे अर्ध्याहून अधिक लोक गेर-वस्त्यांत राहतात. ‘झुद’ नावाच्या जीवघेण्या हिवाळ्यांत कळप गमावलेली कुटुंबं घर बरोबर घेऊन शहराच्या कडेला आली. कोळसा जाळून ऊब मिळवावी लागे, धुरानं हिवाळ्यात शहर काळवंडे. २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर तिथं बंदी आली. गेरच्या मागून कळप गेला की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकेत युर्ट १९६० च्या दशकात पोचला. विल्यम कॉपरथ्वेट या शिक्षकानं १९६२ साली मासिकात आलेला मंगोलियावरचा लेख वाचला आणि विद्यार्थ्यांना घेऊन लाकडी युर्ट बांधायला सुरुवात केली. हातांनी, थोड्या सामानात, सगळ्यांनी मिळून घर बांधता येतं हे मुलांना शिकवण्यासाठी. पुढे त्यातून कॅनव्हासचे, पोलादी दोराच्या आधाराचे तयार युर्ट निघाले. कोलोराडो, आयडाहोच्या डोंगरांत ते स्कीइंग करणाऱ्यांचे निवारे झाले. त्यांना मी नावं ठेवत नाही. गोल भिंतीवर वारा आपटत नाही, बगल देऊन जातो, हे शहाणपण कुणीही घ्यावं. पण तिथं मुक्काम करणाऱ्यानं आपण भटक्यांच्या घरी राहून आलो असं समजू नये.

आणि मग उत्सवांचा प्रश्न येतो. २०१४ पासून किर्गिझस्तानानं जागतिक भटके क्रीडामहोत्सव भरवले. २०१६ आणि २०१८ मध्ये किर्चिनच्या कुरणावर शेकडो युर्टचं गाव वसलं. लोक आपापल्या भागातले युर्ट घेऊन आले, नमदे-नक्षीची जणू चढाओढ लागली, आणि जुने कारागीर पुन्हा मागणीत आले. यातलं भलं मी मोकळेपणानं मान्य करतो. खटकतं ते याचं धाकटं रूप: वाटेल त्या वेळी, पैसे टाकले की गरुड उडवून दाखवायचा, जिवंत ससा सोडायचा. गरुड पाळणं ही हिवाळ्यातल्या शिकारीसाठी वर्षानुवर्षं जोपासलेली विद्या आहे. जुलैच्या दुपारी अर्ध्या तासाच्या खेळात तिचं काय उरतं? मागणाऱ्यानं मागू नये.

मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध आता पर्यटनापलीकडेही आहे. बिश्केक आणि ओशच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हजारो भारतीय विद्यार्थी शिकतात, त्यांत आपल्या जिल्ह्यांतली मुलंही आहेत. उन्हाळ्यात भेटायला गेलेले आईवडील मुलांबरोबर इस्सिक-कोलला जातात, कुणी पुढे जायलोवर. जाणाऱ्यांनी निघण्याआधी पाच-सहा गोष्टी विचाराव्यात. कुटुंब कुठल्या गावचं, किती जनावरं घेऊन वर आलं आहे? युर्ट नमद्याचा की ताडपत्रीचा? घोड्याचे आणि वाटाड्याचे पैसे कुणाला द्यायचे? खिंड किती उंचीची, आणि वाटाड्यानं ती या मोसमात ओलांडली आहे का? संडास पाण्यापासून किती लांब? कचरा खाली कोण नेतं? ही विचारपूस उद्धट वाटत नाही. कळपाबद्दल विचारलेलं मेंढपाळाला आवडतं. बहुधा तो उठून दाराशी येतो आणि कुठल्या डोंगरउतारावर त्याच्या मेंढ्या आहेत ते बोटानं दाखवतो.

सप्टेंबरच्या मध्यावर नमदे उतरवतात, झटकतात, गुंडाळतात. दांड्या सुटतात, तुंदुक खाली येतो, जाळ्या मिटतात. मालमोटार निघून गेल्यावर कुरणावर एक पिवळट गोल उरतो, तीन महिने ऊन न लागलेल्या गवताचा, मध्ये शेगडीखालची काळी जागा. आपण ज्याला युर्ट म्हणतो त्याला तिथली माणसं बोझ उयच म्हणतात. ‘जुर्त’ हा शब्द त्यांच्याकडे आहे, पण त्याचे अर्थ वेगळे. एक अर्थ आपली माणसं, आपला मुलूख. दुसरा अर्थ, घर उचलून नेल्यावर मागे उरलेली ती गोल जागा.